सेक्शनमध्ये दाखल होण्यापूर्वी
परळहून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात निघण्यापूर्वी सेक्शनची रचना समजून घे. साधारण 10 जवानांच्या सेक्शनचे नेतृत्व हवालदार करतो आणि असे 3 सेक्शन मिळून एक प्लाटून होते. गोळीबाराच्या गदारोळात एका माणसाचा आवाज व हातवारे मोजक्यांपर्यंतच पोहोचतात, म्हणून तुकडी मोठी चालत नाही. मात्र ती फार लहान असली, तर दोघे-तिघे जखमी होताच निकामी ठरते. (गर्दीच्या वेळी दादरच्या फलाटावर दहा जणांना एकत्र ठेवून पाहा, म्हणजे हवालदाराची अडचण कळेल.) एलएमजीचा (हलक्या मशीनगनचा) गट शत्रूला गोळीबाराने दाबून धरतो, तेव्हा रायफलधारी गट पुढे सरकतो. हवालदार पडल्यास सूत्रे त्याच्या खालच्या हुद्द्याच्या नाईकाकडे जातात. त्यामुळे नाईकाचाही आवाज पहिल्या दिवसापासून ओळखायला शीक.