एमेलिन वेल्स यांनी गहू साठवण्याचं काम नेमकं कसं चालवलं?

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या महिला संघटनेच्या, म्हणजे रिलीफ सोसायटीच्या, त्या पाचव्या अध्यक्षा (1910 ते 1921). पण गव्हाचं काम त्याआधीचं. 1876 साली पंथाचे तेव्हाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी धान्य साठवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटातल्या गावोगावच्या बायकांनी पैसे जमवून गहू विकत घेतला, कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या वेचल्या आणि स्वतःची कोठारं उभारली. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. गहू नुसता भरून ठेवला की किडे लागतात, उंदीर फस्त करतात. म्हणून जुना गहू पेरणीच्या वेळी शेतकऱ्यांना उसना द्यायचा आणि सुगीनंतर नवा, थोडा वाढवून परत घ्यायचा. साठा ताजा राहतो, वर वाढतोही. आपल्याकडच्या धान्य-बँकांचीही रीत हीच.

1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात या साठ्यातून मदत गेली. 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, 2 लाख बुशेलांहून जास्त गहू अमेरिकी सरकारला विकला. गव्हाचा बुशेल साधारण 27 किलोंचा, म्हणजे सुमारे 5,400 टन! त्या पैशाचं व्याज पुढे माता-बालकांच्या आरोग्यावर खर्च झालं.

त्यांना फक्त ‘गहूवाल्या बाई’ समजू नका. 1877 ते 1914 त्या ‘वुमन्स एक्स्पोनंट’ या स्त्रियांच्या नियतकालिकाच्या संपादिका होत्या. युटातल्या स्त्रियांना 1870 मध्ये मिळालेला मताधिकार अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) 1887 मध्ये काढून घेतला, तो 1896 मध्ये परत मिळाला. त्या लढ्यातही त्या आघाडीवर होत्या.