पुढची पायरी व्हिडिओने सांगण्याआधी तुम्ही सांगा

तुमची अडचण थोडक्यात अशी: रोज शस्त्रक्रियेचे आणि रुग्णतपासणीचे व्हिडिओ पाहता, पाहताना सगळं समजतं, पण वॉर्डात सीनियरने ‘पोट तपासून दाखव’ म्हटलं की हात थबकतात. म्हणून व्हिडिओ सोडून पुस्तकांकडेच वळावं का, असं विचारलंय. शेवटी स्वतः व्हिडिओ काढण्याबद्दलही विचारलंय, त्यावर खाली लिहिते.

व्हिडिओ सोडू नका, पाहण्याची रीत बदला. नुसतं पाहण्याने आपल्याला जमेल अशी खात्री वाढते, जमणं मात्र वाढत नाही. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. काहींना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांनी आपल्याला जास्त गुण मिळतील असा अंदाज बांधला, पण प्रत्यक्ष फेकताना ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. डार्टबाबत ही स्थिती असेल, तर कॅथेटर घालणं किंवा टाका घेणं नुसतं पाहून कसं येणार? हाताला दोऱ्याचा ताण, त्वचेचा विरोध, सुईचा कोन कळावा लागतो, आणि ते पडद्यावर नसतंच.

हाताची कौशल्यं शिकवण्याची रॉडनी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत तुम्ही ऐकली असेल. शिक्षक आधी काही न बोलता नेहमीच्या वेगाने कृती करून दाखवतात. मग प्रत्येक टप्पा समजावत पुन्हा करतात. तिसऱ्या वेळी विद्यार्थी टप्पे सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतात. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः बोलत बोलत करतो. व्हिडिओ पाहणारे बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरच अडकून राहतात, आणि माझ्या मते तुमचंही तेच झालंय. तिसरी पायरी व्हिडिओवर करता येते, तीही एकट्याने. एकदा नीट ऐकून झालं की आवाज बंद करा. दर थोड्या वेळाने थांबवा आणि आता काय होणार, कोणतं उपकरण लागणार, कुठे धोका आहे हे मोठ्याने म्हणा. मग पुढे चालवून पाहा. मनातल्या मनात म्हणू नका, तिथे आपण स्वतःला फार सवलत देतो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न उघडता सगळे टप्पे कागदावर लिहा. जिथे अडाल तेवढाच भाग पुन्हा पाहा.

हे सगळ्यात जास्त कुठे उपयोगी पडतं ते पित्ताशय काढण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवरून सांगते. हिचे व्हिडिओ सगळेच विद्यार्थी पाहतात आणि बहुतेकांच्या लक्षात नळीला क्लिप (छोटा चिमटा) लावून ती कापण्याचा क्षण राहतो. खरं शिकण्यासारखं त्याच्या आधी घडतं. सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ (कापण्याआधी दिसायलाच हवं असं सुरक्षित दृश्य) ही कल्पना मांडली. तिच्यात तीन अटी आहेत. सिस्टिक डक्ट (पित्ताशयातून निघणारी नळी), यकृत आणि मुख्य पित्तनलिका यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ झालेले असावेत. पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना दिसाव्यात. या तिन्ही पूर्ण झाल्याशिवाय काहीही कापायचं नाही.

आता असा व्हिडिओ उघडा आणि पहिली क्लिप आत येताना दिसली की थांबवा. तीन अटी एकेक करून तपासा. मागची बाजूही नीट दिसतेय का? त्रिकोणात अजून काही शिल्लक आहे का? तुम्ही असता तर कापलं असतं का? भरपूर पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंतही या प्रश्नांचं उत्तर कधी कधी ‘नाही’ असं येतं, आणि ते ओळखता येणं हे मोठं शिक्षण आहे. पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजांचं एक विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ९७ टक्के वेळा मूळ चूक पाहण्यातली होती, म्हणजे मुख्य नलिकाच सिस्टिक डक्ट वाटली. हाताच्या कौशल्यातला दोष फक्त ३ टक्क्यांत सापडला. म्हणजे सर्जनच्या नजरेचं शिक्षण किती महत्त्वाचं आहे बघा, आणि ते व्हिडिओ उत्तम देऊ शकतो.

म्हणूनच काटछाट न केलेले, सलग व्हिडिओ शोधा. दीड तासाची शस्त्रक्रिया आठ मिनिटांत दाखवली की रक्त आलं तेव्हा काय केलं, दिशा चुकतेय हे कशावरून कळलं, मदतीला सीनियरला केव्हा बोलावलं, हे सगळं गायब होतं. कंटाळवाणा वाटणारा भागच निर्णयांचा असतो. आणि कृतीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहू नका, लेक्चरसाठी तो वेग ठीक आहे.

रोगाची लक्षणं शिकण्यात मात्र व्हिडिओपुढे पुस्तक खरंच तोकडं पडतं, कारण ती लक्षणं हलतात. बीपीपीव्हीमध्ये (डोकं हलवल्यावर चक्कर येण्याच्या कानाच्या विकारात) डिक्स-हॉलपाइक चाचणी करताना रुग्णाला मागे झोपवल्यावर डोळ्यांची आपोआप होणारी उसळी काही सेकंदांनी सुरू होते, वरच्या दिशेने आणि गोल फिरत जाते, आणि साधारण मिनिटाच्या आत थांबते. हे वाक्य कितीही वेळा वाचा, एकदा पाहिल्याशिवाय डोळ्यांसमोर उभं राहत नाही. पार्किन्सनची थरथर हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते आणि पेला उचलला की कमी होते. इसेन्शियल ट्रेमर हा थरथरीचा वेगळा आजार, तो उलट पेला उचलल्यावर वाढतो. दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ पाहा.

लहान मुलांचा श्वास मोजण्याचा सराव तर प्रत्येकाने व्हिडिओवर करावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. आकडे पाठ असतात, मोजणं चुकतं. पूर्ण मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, आकडा लपवून मोजा, मग ताडून पाहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. त्याच वेळी छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय का तेही बघा.

दोन गोष्टींची काळजी घ्या. व्हिडिओत लक्षण ठळक असतं म्हणूनच ते निवडलेलं असतं, वॉर्डात अर्धवट दिसतं. त्यामुळे निरोगी माणसांच्या तपासणीचे व्हिडिओही तितकेच पाहा, नॉर्मल चाल आणि नॉर्मल श्वास डोळ्यांत बसला पाहिजे. दुसरं म्हणजे त्वचेचा रंग. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारं पुरळ सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर जांभळट, करडं किंवा नुसतं गडद दिसू शकतं. एकाच रंगाच्या त्वचेवर शिकलात तर निदान हुकेल.

कोणते व्हिडिओ? लोकप्रियता हा निकष धरू नका. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरातल्या इरकाड संस्थेचं वेबसर्ग हे संकेतस्थळ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ची क्लिनिकल व्हिडिओंची मालिका इथून सुरुवात करा. इतरत्र पाहताना करणारा कोण, रुग्णाची पार्श्वभूमी सांगितली आहे का, शस्त्रक्रियेनंतर काय झालं ते दिलंय का, आणि साल कोणतं, हे बघा. सालाचं महत्त्व सीपीआरवरून (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या उपचारावरून) कळेल. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रौढांसाठीचा क्रम बदलून छातीवरचे दाब आधी आणले. त्याआधीचे व्हिडिओ आजही आरामात सापडतात आणि श्वासमार्गापासून सुरुवात शिकवतात.

हातांसाठी पाहता पाहता करणं हाच मार्ग आहे. सीपीआर मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) व्हिडिओबरोबरच करा: ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. टाक्यांच्या गाठीही समोर दोरा ठेवून, व्हिडिओ थांबवत बांधा. पोट तपासणं मित्राच्या पोटावर, आवाज बंद व्हिडिओ बाजूला चालू ठेवून. पण महिन्यातून काही वेळा तरी सीनियरला समोर उभं करा, कारण तुमचा कोपर वर जातोय हे व्हिडिओ तुम्हाला सांगणार नाही.

आता स्वतः व्हिडिओ काढण्याचं. सरावाचा जरूर काढा. मिशिगनमधल्या २० सर्जननी आपापल्या गॅस्ट्रिक बायपासचा (वजन कमी करण्यासाठीच्या जठराच्या शस्त्रक्रियेचा) एकेक व्हिडिओ दिला आणि इतर सर्जननी नावं न कळता त्यांना गुण दिले, असा अभ्यास २०१३ मध्ये आला. सर्वांत कमी गुणांच्या गटात रुग्णांना गुंतागुंत होण्याचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वांत वरच्या गटात ५.२. हातांच्या चित्रीकरणात इतकं दिसतं. कॅमेरा वरून लावा, चेहरा नको, दोन्ही हात आणि सुईचं टोक चौकटीत असू द्या आणि सीनियरला दाखवा. रुग्णाचा व्हिडिओ मात्र स्वतःच्या फोनवर काढू नका. लेखी संमती, विभागाची परवानगी आणि विभागाचंच उपकरण, यांतली एक जरी गोष्ट नसेल तर नको, आणि चेहरा न दाखवता ग्रुपवर टाकणं हाही अपवाद नाही. गोंदण, आवाज, मागचा केस पेपर, कशावरूनही माणूस ओळखू येतो.