साशिकोची लटकनं : वाचकांचे प्रश्न

आकाशकंदिलाभोवती किंवा गणपतीच्या मखराला लावता येईल, असं साशिकोचं, म्हणजे धावदोऱ्याच्या जपानी भरतकामाचं, चौकोनी लटकन गेल्या अंकात दिलं होतं. 12 सेंमी निळ्या सुती चौकोनावर मधोमध 6 सेंमीची जाळी आखायची, प्रत्येक घर 5 मिमीचं. पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालायचा, मग कापड 8 सेंमीला कापून त्याला पाठ जोडायची. त्यावर आलेले प्रश्न असे.

कृतीप्रमाणे सगळं केलं, तरी चौकोन आखडला. मध्ये फुगवटा आणि कडा आत. दोरा तर घट्ट ओढला नव्हता. (राजारामपुरी)

टाके घालताना नसेल, पण वळताना ओढला गेला असणार. एक ओळ संपवून सुई पुढच्या ओळीवर येते, तिथे मागच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा सैल फास दिसलाच पाहिजे. 13 आडव्या आणि 13 उभ्या ओळी म्हणजे 24 वळणं. प्रत्येक वळणाला दोरा जरासा कमी पडला तरी शेवटी सगळा चौकोन गोळा होतो. कापड हाताळताना थोडं ताणलं जातं, दोरा तितका ताणला जात नाही. तो फास नेमका त्यासाठी असतो. उलट्या बाजूला तो ढिसाळ वाटतो म्हणून बऱ्याच जणी ओढून घेतात. कृपा करून ओढू नका.

दुसरं कारण म्हणजे भरतकामाची रिंग. साशिको रिंगमध्ये ताणून करत नाहीत. सुई स्थिर धरून कापडच वर-खाली हलवायचं आणि चार-पाच टाके सुईवर चुणून घ्यायचे. सुई बाहेर काढली, की ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत कापड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सपाट सारत न्यायचं, चुणी पूर्ण निघेपर्यंत. जपानीत याला ‘इतोकोकी’ म्हणतात, ‘इतो’ म्हणजे दोरा. हे प्रत्येक ओळीला करायचं, शेवटी एकदम नाही.

आखडलेला तुकडा लगेच उसवू नका. शेवटचं टोक अजून पक्कं केलं नसेल, तर बोथट सुईने एकेक टाका उचलत त्या टोकाचा सैलपणा मागे सरकवत न्या. टोक पक्कं झालं असेल, तर तुकडा ओला करून टॉवेलवर पालथा ठेवा, हाताने सरळ करा आणि उलट्या बाजूने इस्त्री करा. तरीही फुगवटा राहिला, तर मात्र उसवावंच लागेल.

आमच्याकडे लूमचं कापड हवं तेवढं आहे. कोणतं घ्यावं? जपानी दोराही मिळत नाही. (इचलकरंजी)

साध्या विणीचं, मध्यम जाडीचं सुती घ्या. पॉपलीन फार दाट असतं. जाड दोऱ्याची सुई त्यातून कुरकुरत जाते आणि भोकं दिसत राहतात. फार विरळ कापडात टाके सरकतात. लूमवरून उतरलेल्या कापडाला खळ असते. ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, साबणाने धुवा, वाळवून इस्त्री करा. कापड काय आटायचं ते इथेच आटतं.

गडद निळ्याची परीक्षा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून करा. रंग लागला, तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होत नाही. त्या भरवशावर राहिलात, तर पांढरा दोरा पहिल्याच धुण्यात निळसर होईल.

दोऱ्यासाठी 8 नंबरचं पर्ल कॉटन चालतं. साशिकोचा दोरा मॅट असतो, हे थोडं चमकतं, एवढाच फरक. सहा पदरी लडी टाळा, तिचे पदर सुटतात आणि एखादा मागे राहून फुगतो. एका लटकनाला साधारण सव्वादोन मीटर दोरा लागतो. तो 60 सेंमीच्या तुकड्यांत वापरा, लांब दोरा कापडातून जाऊन जाऊन फुसफुशीत होतो. सुई लांब, टोकदार आणि मोठ्या नाकाची हवी. दाभण नको.

पायऱ्यांची नक्षी करायला गेले, तर सुटे चौकोनच तयार झाले. (कसबा बावडा)

तुमच्या सगळ्या ओळी एकाच घरापासून सुरू झाल्या. हितोमेझाशीत, म्हणजे जाळीच्या रेषांवर भरायच्या या साशिकोत, एक घर वर, एक घर खाली असा टाका चालतो, आणि सगळी नक्षी प्रत्येक ओळ कुठून सुरू होते त्यावर ठरते. आडव्या-उभ्या सगळ्या ओळी वरच्या टाक्याने सुरू केल्या, तर सुटे चौकोन येतात. एकाआड एक ओळ खालच्या टाक्याने सुरू केली, आडव्यातही आणि उभ्यातही, तर पायऱ्या उतरतात. म्हणून आखतानाच प्रत्येक ओळीच्या टोकाशी टिंब किंवा फुली करून ठेवा. एक ओळ चुकली, की पायऱ्यांची दिशा तिथेच मोडते आणि ते सगळ्या उभ्या ओळी भरल्यावर दिसतं.

इथे पुढचा-मागचा टाका सारखा असतो. ‘असानोहा’ या चांदणीसारख्या पानांच्या नक्षीत किंवा तशाच रेषांच्या नक्षीत मात्र पुढचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मागचा त्याहून लहान, साधारण तीनास दोन. सहा रेषा एकत्र येतात तिथे मधला बिंदू मोकळा सोडा, दोरे एकमेकांवर चढवू नका.

आखणी पुसत नाही. (गडहिंग्लज)

अंघोळीच्या साबणाची झिजलेली पातळ चीप वापरा, गडद कापडावर ती उठून दिसते आणि धुतल्यावर जाते. इस्त्रीने पुसणाऱ्या पेनाची शाई थंडीत परत उमटते. मेणाचा खडू इस्त्रीआधी धुऊन काढा, नाहीतर तो कापडात बसतो.

आमच्या आजीची वाकळही धावदोऱ्याचीच. मग यात वेगळं काय? (शाहूपुरी)

मूळ गरज एकच. थंडीमुळे उत्तर जपानमधल्या तोहोकूत कापूस पिकत नसे, म्हणून जुनी कापडं थरावर थर ठेवून शिवत. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आग विझवणाऱ्यांचे जाड कोटही साशिकोचेच, पाण्याने भिजवून घालायचे. वाकळ शिवणाऱ्या हाताला साशिको लवकर जमतं. सवय फक्त मोजण्याची करावी लागते.

लटकन तिरकं लोंबतं आणि कोपरे बोजड दिसतात. (जयसिंगपूर)

16 सेंमीचा दोरा दुमडून नेमका कोपऱ्यात ठेवा, टोकं बाहेर आणि फास आत. सुलट बाजू आत घेऊन अर्धा सेंमी सोडून उलट्या टाक्याने चारी बाजू शिवा, एका बाजूला 4 सेंमी उघडं ठेवा. कोपरे शिवणीपासून 2 मिमी सोडून तिरके कापा, उलटवून बोथट काडीने बाहेर काढा. पॉलिएस्टर फायबर चिमटीचिमटीने भरा, आधी कोपरे, मग मधला भाग. कापूस पावसाळ्यात दमट होऊन गुठळ्या धरतो. उघडी बाजू छुप्या टाक्याने बंद करा. समोरच्या कोपऱ्याला 4 सेंमीच्या पुठ्ठ्यावर 20 वेढ्यांचा गोंडा करून लावलात, की त्याच्या वजनाने लटकन सरळ उभं राहतं.