दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावरचा बाउंटी डे कधी असतो, आणि त्या दिवशी काय करतात?

२३ जानेवारीला, ‘बाउंटी’ जहाजाची प्रतिकृती ‘बाउंटी बे’ या खाडीत पेटवतात आणि सगळं गाव एकत्र जेवतं. १७९० साली याच तारखेला, त्या ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाविरुद्ध बंड करून इथे आलेल्या खलाशांनी, कुणाला आपला माग लागू नये म्हणून, खरं जहाज तिथेच जाळलं. आजचे बरेचसे रहिवासी त्या खलाशांचे आणि सोबत आलेल्या ताहिती बायकांचे वंशज, त्यामुळे हा सण म्हणजे घरचंच कार्य. जेमतेम पन्नासेक माणसांनी तो टिकवलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं. फक्त ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटाच्या बाउंटी डेशी गल्लत करू नका. तो ८ जूनला असतो: १८५६ मध्ये पिटकेर्नचे लोक तिथे स्थलांतरित झाले, म्हणून जुन्या धाटणीच्या पोशाखात धक्क्यावर उतरण्याचा प्रसंग, दफनभूमीत स्तोत्रं, मग सहभोजन.