रिपोर्टमधे सूज निघाली, मग लिथियम बंद करायचं का?

ओपीडीत हल्ली हा प्रश्न फार येतो. मोबाईलवर कोणीतरी पाहिलेलं असतं की बायपोलर (कधी मनाची तेजी, कधी खोल उदासी, असा आजार) म्हणजे शरीरातली सूज, इन्फ्लमेशन, मग घरचे म्हणतात सुजेचीच गोळी द्या न, हे मन ताळ्यावर ठेवायचं लिथियम कशाला. यवतमाळकडच्या एका पोराची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पोरगा पंचविशीतला. ऐन कापूस वेचणीत त्याची झोप उडाली, रात्रभर बडबड, उधारीवर बैलजोडीचा सौदा करून आला, कोणी अडवलं की अंगावर धावून जायचा. आधी बाहेरचं समजून अंगारा-धुपारा झाला, मग दवाखाना. लिथियम सुरू झालं आणि हळूहळू तो पुन्हा वावरात जाऊ लागला. मधेच जावयानं प्रायव्हेट लॅबमधे रक्त तपासून घेतलं, सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेला, की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही सूज-दुखण्याची गोळी आणून रोज सुरू, लिथियमसोबतच. आई मला विचारायला आली, "ताई, रिपोर्टात सूज निघाली नं, मंग माह्या पोराले लिथियम काहून खाऊ घालाचं?"

माझं लक्ष मात्र पोराकडे. हात इतके थरथरत होते की पाण्याचा गिलास धरवेना, चाल लडबडत होती, जुलाब सुरू होते. आधी डॉक्टरकडे नेलं, रक्तातली लिथियमची लेव्हल बरीच वर गेलेली, भरती करावं लागलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते, ते रक्तात साचतं आणि विषासारखं होतं. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला हा धोका अजून जास्त. बाया-माणसं अंगदुखीला या गोळ्या सर्रास घेतात म्हणून मला याची फार काळजी वाटते.

तो सावरल्यावर आईशी निवांत बोलले. जावई खोटं बोलत नव्हता. तेजीच्या काळात बऱ्याच पेशंटच्या रक्तात सीआरपी, आयएल-६, टीएनएफ असे सुजेशी संबंधित पदार्थ वाढलेले दिसतात, आजार शांत झाला की त्यातले काही खाली येतात. पण सगळ्यांचे वाढत नाहीत, आणि सीआरपी तर ताप, लठ्ठपणा, सडलेल्या हिरड्या कशानंही वाढतो, त्यामुळे त्यावरून बायपोलर ठरतही नाही आणि उपचारही ठरत नाही. सुजेच्या औषधांचे प्रयोगही झालेत, पाकिस्तानात बायपोलरच्या डिप्रेशनमधल्या पेशंटना नेहमीच्या उपचारासोबत मिनोसायक्लिन (एक अँटिबायोटिक) आणि सेलेकॉक्सिब (सुजेची गोळी) देऊन पाहिलं, 2020 साली निकाल आला, नकली गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. लिथियमचं तसं नाही, 1949 साली ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवला तेव्हापासून वापरात आहे, आत्महत्येचा धोकाही त्यानं कमी होतो. आपल्या भागात हे औषध बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं.

आई गप्प बसून ऐकत होती, मग म्हणाली, "म्हंजे मी त्याले लहानपणी मारलं म्हणून हे नाई झालं नं?" खरा घोर हा होता, इतके महिने उरात घेऊन फिरत होती ती. मी म्हटलं नाही काकू, हा शरीराचा आजार आहे, त्यात आनुवंशिकता असते, मेंदूचं काम असतं, रोगप्रतिकार शक्तीचाही वाटा असावा, तुमच्या दोन चापटांनी हा होत नाही. ती तिथंच रडली, मी रडू दिलं.

आता लिथियम डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसवर परत सुरू आहे. लेव्हल शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासायची, सोबत किडनी आणि थायरॉईड. अंग दुखलं तर डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल. उन्हाळ्यात पाणी भरपूर, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही, उलट्या-जुलाब लागले तर वाट न पाहता फोन करायचा. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर बोलायला टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 14416. आणि खर्रा खाऊन त्याच्या हिरड्या पार खराब झाल्यात, तर त्याला दातांच्या डॉक्टरकडेही पाठवलंय, सीआरपी उतरो न उतरो, निदान भाकर तरी नीट चावता येईल.