‘पांढरीचे टेकाड’ ही छपाईची चूक नव्हे

कोपरीहून एका वाचकांनी विचारलंय: उत्खननाच्या बातमीत ‘पांढरीच्या टेकाडात खापरे सापडली’ असं छापलं होतं, ते ‘पांढऱ्या टेकाडात’ हवं ना?

नको. बातमीदाराचं बरोबर आहे. ‘पांढरी’ इथे विशेषण नाही, नाम आहे. देशावर पीक घ्यायची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. म्हणून ‘वाडीचे’ तसं ‘पांढरीचे’. आपल्याकडे घणसोली-कोपरखैरण्यात वस्तीच्या जागेला गावठाणच म्हणतात, त्यामुळे ठाणेकर इथे अडखळला तर नवल नाही.

रंग आला तो माणसांच्या राहण्यातून. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, घरं पडली, त्यांवर नवी उभी राहिली, की राख, शेण, हाडं, भिंतींची माती असं सगळं थरावर थर साचत जातं आणि काळ्या रानात राखाडी-पांढुरका उंचवटा तयार होतो. माझं आजोळ शिरूरकडचं. पावसाळ्याआधी माळवदावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) टाकायला आजोबा पांढरीची माती आणायचे. ती चाळताना हमखास खापराचा तुकडा निघायचा, आजी तो उकिरड्यावर भिरकवायची. तो केवढा जुना असेल, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही.

त्याच शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढरी खणली आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. एका पाच खोल्यांच्या घरापाशी तर चार पायांचा मातीचा रांजण मिळाला, आत मांडी घालून बसवलेला माणूस! हे सगळं राखेनं, मातीनं झाकून ठेवलं होतं, आणि गावकऱ्यांच्या लेखी ती नुसती पांढरी.

पुरातत्त्ववाल्यांनी हा शब्द शेतकऱ्यांकडूनच उचलला. ‘प्राचीन वसाहतस्थळ’ लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. त्यात ना राख दिसते ना चूल. इतर भाषांतही असे लोकांचे शब्द आहेत: सिंधीतल्या ‘मोहें-जो-दडो’मधला दडो म्हणजे टेकाडच. तमिळनाडूत कीळडीला ज्या नारळीच्या बागेत हल्ली विटांची बांधकामं निघाली, त्या जागेच्या स्थानिक नावातही ‘तिडल’, म्हणजे उंचवटा, आहेच.

मात्र प्रत्येक टेकाड पांढरीचं नसतं. सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट (तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये) हेही टेकाडच. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तर आत विटांचा स्तूप निघाला. त्याला ‘पांढरीचे’ म्हणता येणार नाही.