‘आईचं वय झालंय’ म्हणण्याआधी काय तपासावं

डोंबिवलीत नोकरी करणारा मुलगा गणपतीला वेंगुर्ल्याजवळच्या गावी आला आणि आईला घेऊन समुपदेशनासाठी आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई ७४ वर्षांची, घरात एकटी. “एकच गोष्ट तीनदा विचारते. दूध उतू जाऊन गॅस विझला. वय झालंय तिचं. घराला कुलूप लावून तिला घेऊनच जातो, बरोबर ना?” गणपतीत नाहीतर शिमग्याला कोणा ना कोणा चाकरमान्याचा हा प्रश्न असतोच.

आईला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलगाच देत होता. देत होता काळजीपोटी, पण अशाने आईला काय कळतं ते तपासताच येत नाही. त्याला बाहेर बसवलं. समोर बसून, आपल्या चेहऱ्यावर उजेड येईल असं सावकाश बोलल्यावर ती म्हणाली, “माका नीट ऐकाक येना नाय, आणि ह्यो म्हणता आई विसराक लागली.”

मग सोलं (आमसुलं) कशी करता, ते विचारलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साली उन्हात टाकायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं चार-पाचदा. क्रम कुठे चुकला नाही. पण सवयीची जुनी कामं स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. यंदाचा व्यवहार विचारावा: सोलं कोणाला दिली, पैसे कोणाकडून यायचेत, आजच्या गोळ्या घेतल्या का. तेही तिने बिनचूक सांगितलं.

वाढत्या वयात ऐकू येणं कमी होतं, तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द कळत नाहीत, आणि ओरडल्याने ते आणखी विस्कटतात. मुलाने दिलेलं पहिलं उत्तर पोचलेलंच नसतं, म्हणून प्रश्न पुन्हा येतो. उतू जाणाऱ्या दुधाची चाहूलही लागत नाही.

दुसरी गोष्ट सापडली गोळ्यांच्या डब्यात. पावसाळाभर सर्दीसाठी ती दुकानातून आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी रात्री घेत होती. उतारवयात या गोळीने सुस्ती येते, गोंधळ उडतो. ती डॉक्टरांना दाखवून बंद झाली. विसरण्यामागे तेही कारण असू शकतं, म्हणून थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही करून घेतली. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी झालेलं आढळतं.

कानात मळ आहे का हे आधी पाहून मगच श्रवणचाचणी करावी. श्रवणयंत्र मिळालं की पहिल्याच दिवशी ते लावून जत्रेला नेऊ नका. सगळा कलकलाट एकदम कानावर आदळतो आणि यंत्र कायमचं कपाटात जातं. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी तास-दोन तास, मग हळूहळू वेळ वाढवायचा; कान रुळायला काही आठवडे लागतात. किनाऱ्यावरच्या दमटपणात यंत्र लवकर बिघडतं. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून ते सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावं.

मुलाने पासबुक आणि सोलांचा हिशेब आपल्याकडे घेतला होता. तो आधी परत द्यायला लावला. काम काढून घेतलं की सराव जातो, मग चुका होतात आणि त्याच चुका पुरावा म्हणून दाखवल्या जातात. ‘वय झाला, चालायचाच’ हे तीही म्हणायची, ते जास्त काळजीचं. अमेरिकेतल्या ओहायोमधला २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे सरासरी ७.५ वर्षं अधिक जगले.

दुधासाठी वेळ लावली की बंद होणारी इंडक्शन शेगडी आली. गॅस मात्र काढला नाही. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. घराला कुलूप लागलं नाही.

रोजच्या पाणंदीत वाट चुकली, हिशेब वारंवार फसू लागला, ओळखीच्या कामाचा क्रम बिघडला, तर स्मृतीची रीतसर तपासणी करून घ्यायची, असं मुलाशी ठरलं आहे. आणि एक-दोन दिवसांतच अचानक बरळणं किंवा गुंगी सुरू झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम घटणं अशी, उपचार होण्याजोगी कारणं त्यामागे असू शकतात.